टॉसपुरती कॅप्टन

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की पार्वतीबाई उगीच भडकल्या. आयुष्यात एकदाच मी भडकायचं तेव्हा गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा राग अठ्ठेचाळीस वर्षं झाली तरी उतरलेला नाही.

वय सदुसष्ट. उजवा खांदा गेलाय, जीभ शाबूत आहे. देवासच्या पोरींची पहिली क्रिकेट टीम निघाली तिच्यात मी होते, आणि नंतर नऊ वर्षं तिची कॅप्टन होते. आज तुम्ही टीव्हीवर पोरींना बघता, रंगीत कपडे, पाठीवर नावं. आम्ही भावांच्या पँटी कमरेला नाडीनं बांधून खेळलो. पॅड मुलांचे, मांडीपर्यंत यायचे, पळताना एकमेकांत अडकायचे. जबलपूर, नागपूर, कानपूर, सगळीकडे जनरलच्या डब्यात किटबॅगवर बसून गेलो आणि शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपलो. ग्वाल्हेरला बोट मोडलं तेव्हा मी बावीसवर होते. एकसष्ट करून नाबाद आले, आणि मग डॉक्टरलाच झापलं, कारण तो म्हणाला, "बाई, हे खेळ तुमचे नाहीत." लग्न ठरताना गोपाळरावांना सांगितलं होतं, रविवारी मॅच असते, रविवारी आपल्या घरात चूल पेटणार नाही. ते म्हणाले, "मग शनिवारी जास्तीच्या पोळ्या करून ठेवू." करून ठेवू म्हणाले, करून ठेव नाही म्हणाले. म्हणून मी हो म्हटलं.

तर अशी मी. पण जुने कागद काढून बघाल तर देवासची पहिली महिला कॅप्टन म्हणून माझं नाव सापडणार नाही. लतिकाताईंचं सापडेल. ते का, हे सांगितल्याशिवाय यंदा धारला मी काय तमाशा केला ते कळायचं नाही.

आमचं देवास म्हणजे एक गाव आणि दोन राज्यं. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एकाचं राज्य, त्या अंगाला दुसऱ्याचं. दोन दरबार, दोन कचेऱ्या, दसऱ्याच्या मिरवणुकासुद्धा दोन. राज्यं गेली, पण सुंभ जळला तरी पीळ जातो का? आमच्या लहानपणी लग्नाच्या पंगतीत म्हातारे आधी विचारायचे, "आपण कुठल्या पातीचे?" आणि मग पाटावर बसायचे. आमचं घर धाकट्या पातीचं. आजे-पणजे दरबारात फर्राश होते, म्हणजे गालिचे अंथरायचे, तंबू ठोकायचे, सभा संपली की सगळं गुंडाळून ठेवायचे. दरबार बंद झाला तरी माझ्या बाबांच्या, गणोजींच्या, हातातलं काम सुटलं नाही. ते क्रिकेटच्या मैदानावर मॅट अंथरायला लागले. काथ्याची लांबलचक मॅट, मुरमाच्या पट्टीवर ताणून बसवायची आणि कडेनं लोखंडी खिळे ठोकायचे. जरा ढिली राहिली की चेंडू वेडावाकडा उसळतो. मी त्यांच्याबरोबर मॅट ओढत ओढत क्रिकेट शिकले.

बाबांची एक रीत होती. सगळे खिळे स्वतः ठोकायचे आणि शेवटचा एक ठेवायचे. मग आपल्या कॅप्टनला बोलवायचे. कॅप्टननं अनवाणी मॅटवरून चालून बघायचं. पटलं तर बाबांच्या हातून लाकडी मोगरी घ्यायची आणि शेवटचा खिळा आपण ठोकायचा. मोगरी दरबारातली, तंबूचे खुंटे ठोकायची. तो खिळा बसला की मैदान त्या कॅप्टनचं. मग मॅटबद्दल तक्रार नाही, हरलो तरी नाही. देवासच्या मैदानावर ही रीत सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळे ती पाळायचे. अजून पाळतात.

शहात्तर साली पोरींची टीम निघाली आणि पहिली मॅच धारला ठरली. कॅप्टन नेमायला कमिटी बसली. थोरल्या पातीची चार डोकी, धाकट्या पातीची चार. थोरले म्हणाले, लतिका; दिवाणांच्या घरातली, कॉलेजात जाणारी. धाकटे म्हणाले, पार्वती. कारण खेळ तिला कळतो. तीन तास भांडले. मग तोडगा निघाला, आणि असला तोडगा फक्त देवासच्या माणसांनाच सुचू शकतो. गावाची झाली होती तशी त्यांनी कॅप्टनशिपची वाटणी केली. टॉसला लतिका जाईल, कागदावर सही लतिका करेल, आणि मैदानात टीम पार्वती चालवेल. सगळे खूश. चहा झाला. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही मेलीनं तोंड उघडलं नाही. एकोणीस वर्षांची होते. म्हटलं, खेळायला मिळतंय ना, बस झालं.

मॅचच्या दिवशी धारच्या किल्ल्याखालच्या मैदानात बाबांनी देवासहून नेलेली आमची मॅट बसवली. आदल्या दिवशी पाऊस शिंतडून गेला होता. मी चपला काढून चालून बघितलं, मॅटखालची जमीन ओली लागत होती. शेवटचा खिळा राहिला होता, मी हात पुढे केला. आणि माझ्या बाबांनी मोगरी लतिकाताईंच्या हातात दिली. लतिकाताईंचे थोरले भाऊ नीलकंठराव शेजारी उभे होते. त्यांनी काही म्हटलं नव्हतं, नुसतं बाबांकडे बघितलं होतं. तेवढ्यानं भागलं. पिढ्यान् पिढ्या मान खाली घालून गालिचे अंथरलेले हात ते. मी बाबांना त्याबद्दल कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी काढलं नाही, पण जीव जाईपर्यंत आमच्या दोघांमध्ये तो खिळा तसाच राहिला.

मी लतिकाताईंच्या कानात सांगितलं, "टॉस जिंकलात तर फील्डिंग घ्या, मॅट ओली आहे." त्या टॉस जिंकल्या आणि बॅटिंग घेऊन आल्या, कारण नीलकंठरावांनी बजावलं होतं की मोठ्या टीमा आधी बॅटिंग घेतात. डोंबलाच्या मोठ्या टीमा! अडतीस रन्सवर आम्ही सगळ्या बाद. पेपरात आलं, लतिका यांच्या नेतृत्वाखाली देवासचा पराभव. आळीतले लोक मला म्हणाले, "बरं झालं पारू, हार तुझ्या नावावर नाही लागली." घरी येऊन मला रडू येईना. रडायचं तरी कशाचं? हार माझी नव्हतीच. पुढच्या वर्षी लतिकाताई लग्न होऊन धारला गेल्या आणि टीम सगळीच्या सगळी माझ्याकडे आली. नऊ वर्षांत मी पुष्कळ जिंकले आणि पुष्कळ हरले, सगळं माझ्या सहीनं. पण ती पहिली मॅच राहिली ती राहिलीच.

आता यंदाचं सांगते.

शाळेतून पीटी टीचर म्हणून रिटायर झाल्यापासून मी रोज सकाळी टेकडीखालच्या मैदानावर पोरींना शिकवते. त्यातली एक नीतू. पीपलरावां गावची, आपल्याच मराठ्यांची पोर, बाप दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. पहिल्या बसनं येते, नेट आटोपून कॉलेजला जाते. ऑफ स्पिन टाकते, पण तिची खरी करामत फील्ड लावण्यात. समोरच्या पोरीचे पाय कसे हलतात ते बघते आणि मिडविकेटला दोन पावलं सरकवते, आणि पुढचा चेंडू बरोबर तिथे जातो. दोन वर्षं आमची अंडर नाइनटीन टीम तीच चालवतेय. मराठी बोलते, पण निम्मी हिंदी असते. वाचायला दिलं तर अडखळते. मला आत्या म्हणते.

जानेवारीत धारशी वीस ओव्हरची मॅच होती, धारलाच. संभागाचे, म्हणजे आपल्या विभागाचे, सिलेक्टर येणार होते आणि संभागाच्या टीमची कॅप्टन निवडणार होते. नीतूचं अंडर नाइनटीनचं हे शेवटचं वर्ष.

निघायच्या आदल्या संध्याकाळी कमिटीच्या अध्यक्षांनी मला आणि दोन पोरींना घरी बोलावलं. अध्यक्ष कोण? नीलकंठराव. तेच. आता त्र्याहत्तरचे आहेत. माणूस वाईट नाही, हेही सांगते; पोरींच्या बससाठी, हेल्मेटसाठी दारोदार फिरतात. त्यांची नात स्वानंदी आमची ओपनर आहे, चांगली खेळते. दुसरी पोर नीतू.

"पार्वतीबाई," नीलकंठराव म्हणाले, "उद्याची मॅच मोबाइलवर थेट दाखवणार आहेत. टॉसच्या वेळी माइक पुढे येतो, इंग्रजीत चार वाक्यं बोलावी लागतात. नीतू गुणी आहे, त्यात वाद नाही, पण बोलण्याचं जरा… तर मी एक व्यवस्था केली आहे. शीटवर कॅप्टन म्हणून स्वानंदीचं नाव घालतो. टॉस ती करील. मैदानात नीतू आहेच. पूर्वी आपण असंच केलं होतं, आठवतं ना? किती छान निभावलं होतं!"

छान निभावलं होतं! मी हातातली कपबशी खाली ठेवली, नाहीतर ती त्यांच्या भिंतीवर गेली असती.

"कोणाचं छान निभावलं होतं, नीलकंठराव?"

"अहो, चिडता कशाला? दोघींचाही मान राहतो."

"अर्धा मान म्हणजे मान नव्हे. सिलेक्टर कॅप्टन शोधायला येताहेत. शीटवर जिचं नाव, तिलाच ते कॅप्टन धरणार. मैदानात कोण हात हलवत होतं ते कोण लिहून ठेवतं? माझं कोणी ठेवलं?"

"आजोबा, मी पण तेच म्हणत होते," स्वानंदी हळूच म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस," नीलकंठराव म्हणाले, आणि मला म्हणाले, "पार्वतीबाई, शीट उद्या मी भरणार आहे. विषय संपला."

मी ताडकन उठले आणि बाहेर आले. नीतू मागोमाग आली. मला वाटलं, पोरगी आता रडेल नाहीतर माझ्याहून जास्त भडकेल. ती म्हणाली, "आत्या, रहने दो ना. टॉसच तर आहे. मला खेळायला मिळतंय ना, बस."

शब्दन् शब्द माझा.

"एक थोबाडीत देईन," मी म्हटलं. "हे वाक्य परत तोंडातून काढू नकोस. एकोणिसाव्या वर्षी मी हेच म्हटलं होतं, आणि अजून ते माझ्या घशाखाली उतरत नाही. टॉस म्हणजे काय शोभेचा कार्यक्रम आहे? कॅप्टनचा पहिला निर्णय आहे तो. तो जिचा नाही, ती कॅप्टन नाही, ती मुकादम. इंग्रजी येत नाही तर आपल्या मालवी बोलीत बोल. माइक काय मरणार आहे?"

"आपण समजत नाही, आत्या. माझं आखरी साल आहे. मला पंगा नाही घ्यायचा."

पंगा नाही घ्यायचा म्हणे! माझ्या हाताखाली तयार झालेली पोर! मला घरी येऊन जेवण गेलं नाही. गोपाळराव म्हणाले, "उद्या काहीतरी करणार तू." मी म्हटलं, "करणारच."

धारवाल्यांची मॅट फाटकी, म्हणून आमची मॅट आम्ही बसच्या टपावर टाकून नेली. बाबांची मोगरी माझ्या पिशवीत. तेच किल्ल्याखालचं मैदान. टर्फची विकेट होती तिथे, पण दुसऱ्या दिवशी पुरुषांची मॅच, म्हणून तिला दोरी बांधून ठेवली होती. पोरींना बाजूची मुरमाची पट्टी. ते बघून तर माझं डोकं आणखीच तापलं. पोरींनी मॅट टपावरून उतरवून पट्टीशी आणली आणि मी त्या गुंडाळीवर जाऊन बसले.

"आत्या, उलगडायची ना?" एकीनं विचारलं.

"नाही. शीटवर कॅप्टन म्हणून नीतूचं नाव लागलं की उलगडायची. मॅट माझ्या बाबांची आहे."

नीलकंठराव आले. आधी हसले, मग लाल झाले. "हे हात दाखवून अवलक्षण आहे, पार्वतीबाई! मॅच झाली नाही तर नुकसान कोणाचं?"

"अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी मॅच झाली तेव्हा नुकसान कोणाचं झालं होतं?"

मग अंपायर आला, तरुण मुलगा. म्हणाला, "मॅडम, साढ़े नौ तक मॅट नहीं बिछी तो धार को वॉकओव्हर देना पड़ेगा." मी म्हटलं, "दे दो भिया." धारच्या पोरी लांबून बघत होत्या. आमच्या पोरी पॅड बांधून उभ्या होत्या. नऊ वाजून दहा झाले. मी हलले नाही. खरं सांगते, मला त्या वेळी बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्यापुढे हात जोडत होतं.

मग नीतू माझ्यापुढे उकिडवी बसली. "आत्या, उठो. आपण माझ्यासाठी भांडताय, मला माहीत आहे. पर खेलना तो मुझे है ना."

मला असा राग आला तिचा! आणि मग कळलं, बरोबर बोलतेय. मी तिची मॅच खेळत नव्हते, माझी खेळत होते. माझी जुनी मॅच, आणि त्यासाठी या पोरींची मॅच मी शब्दशः बुडाखाली घेऊन बसले होते. मी उठले.

"उलगडा," मी म्हटलं.

पोरींनी मॅट पसरली, ओढली, मी डोळ्यांनी ताण बघत गेले. खांद्यामुळे मला ठोकता येत नाही, म्हणून आमच्यात आता पोरी आळीपाळीनं ठोकतात. मी तळवा लावून बघितला, मॅट ओली होती. थंडीचे दिवस, दव पडलेलं. शेवटचा खिळा ठेवून मी मोगरी हातात घेतली. तेवढ्यात मागून हाक आली, "पारू!"

लतिकाताई. केस पांढरेधोप, हातात काठी. धारच्या कमिटीनं त्यांना पाहुणी म्हणून बोलावलं होतं. माझ्या हातातली मोगरी बघितली आणि त्या तिथेच थांबल्या. त्यांना सगळं आठवलं हे मला त्यांच्या तोंडावरून दिसलं.

"स्वानंदी," नीलकंठराव म्हणाले, "पुढे हो. मोगरी घे."

म्हणजे रीत त्यांना पक्की आठवत होती. मोगरी जिच्या हातात, मैदान तिचं. शीटपेक्षा देवासच्या माणसाला ते मोठं.

मी नीतूकडे बघितलं आणि हात तिच्याकडे वळवला. मग थांबले. बाबांनी मोगरी एकीला दिली, मी दुसरीला देणार. देणारा हात तोच. जी वस्तू कोणीतरी दिली म्हणून मिळते, ती कोणीतरी काढूनही घेतं. मी वाकले आणि मोगरी खिळ्याशेजारी मॅटवर ठेवली.

"जी कॅप्टन असेल तिनं उचलावी," मी म्हटलं.

"ही कुठली रीत?" नीलकंठराव ओरडले.

"आजपासूनची."

स्वानंदीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "आजोबा, मला फील्ड लावता येत नाही. मी ओपनिंग करते. रन्स सांगा, करून देते."

नीतू आपल्या बुटांकडे बघत उभी. मी मनात म्हणत होते, उचल गं बये, उचल, आता नाही तर कधीच नाही. पण तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं. मला तेवढं गप्प राहणं किती जड जातं ते गोपाळरावांना विचारा. अंपायरनं घड्याळ बघितलं.

नीतू खाली बसली आणि तिनं बुटांच्या नाड्या सोडल्या. मोजे काढले. थंडगार मॅटवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, मध्ये एका जागी टाच दाबून बघितली. मग मोगरी उचलली आणि तीन ठोके घातले. खिळा बसला.

"सर," ती अंपायरला म्हणाली, "शीट में नाम बदलना है. कप्तान मैं हूँ."

अंपायरनं नीलकंठरावांकडे बघितलं. नीलकंठरावांनी खिळ्याकडे बघितलं. बसलेला खिळा उपटायची त्यांच्यात हिंमत नव्हती. त्यांच्या बहिणीनं ठोकला होता तेव्हा याच रीतीवर ते छाती काढून उभे राहिले होते.

"दादा, पेन द्या तिला," लतिकाताई म्हणाल्या.

त्यांनी पेन दिलं. लतिकाताई काठी टेकत माझ्याजवळ आल्या. "पारू, मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं."

"हो, हवं होतं," मी म्हटलं. उगाच कशाला गोड बोलायचं? पण मग त्यांना बसायला खुर्ची मीच आणून दिली, आणि माझी त्यांच्या शेजारी टाकली.

टॉसला जाताना मी नीतूला हाताशी धरून सांगितलं, "जिंकलीस तर डोळे मिटून फील्डिंग. मॅट ओली आहे." तिनं मान डोलावली. नाणं वर गेलं, ती जिंकली, माइक पुढे आला. पोरगी मालवी-हिंदीत खणखणीत बोलली, "पेलां बैटिंग करांगा."

"अगं ए! आधी बॅटिंग?" मी उभीच राहिले. "अगं, कोणाला विचारून?"

ती पळत आली. "आत्या, फक्त ऊपर से ओली आहे, दव आहे. अर्ध्या तासात सुकेल. खाली जमीन कडक आहे, खिळा मी ठोकलाय ना."

"मला मॅट शिकवतेस? मला? फर्राशाच्या पोरीला?"

"आत्या," ती म्हणाली, "कप्तान कौन है?"

घ्या! ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं! लतिकाताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी हसले नाही. मी खुर्चीत जाऊन बसले.

मॅटच्या बाबतीत ती बरोबर निघाली, हे मला कबूल करायला लागतंय. अर्ध्या तासात मॅट कोरडी झाली, चेंडू सरळ येऊ लागला. स्वानंदीनं चव्वेचाळीस केल्या, आमच्या एकशे सोळा झाल्या. नीतूनं फील्ड अशी लावली की मी दोनदा टाळी वाजवली आणि दोनदा शिवी घातली. शेवटच्या ओव्हरमध्ये धारला पाच हव्या होत्या. एक मीडियम पेसर पोर शिल्लक होती. मी बाहेरून खुणा केल्या, तिला दे, तिला दे. नीतूनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, चेंडू स्वतः घेतला. पहिल्या तीन चेंडूंत एक रन. चौथा थोडा आखूड पडला आणि धारच्या पोरीनं तो सरळ बाउंड्रीपार घातला. हरलो.

धारच्या पोरी नाचत होत्या. आमच्या खाली बसल्या होत्या. नीलकंठराव स्कोअरबुकाजवळ उभे होते. नीतू आली तेव्हा म्हणाले, आणि वाईट मनानं नाही म्हणाले, "बघ पोरी, म्हणून सांगत होतो. आता ही हार तुझ्या नावावर लागली."

"हो," नीतू म्हणाली. डोळे लाल झाले होते. "माझ्याच नावावर लावा."

तिनं स्कोअरबुक ओढून घेतलं आणि कॅप्टनच्या सहीच्या जागी आपलं नाव लिहिलं. एक एक अक्षर दाबून काढलं. मग वही नीलकंठरावांच्या हातात देऊन म्हणाली, "अगली बार भी टॉस मैं ही करूँगी, काकासाहेब." एक सिलेक्टर तिथे उभा होता. त्यानं विचारलं, शेवटची ओव्हर स्वतः का टाकलीस? ती म्हणाली, "क्योंकि डर दूसरी को लग रहा था. मुझे भी लग रहा था, पर मैं कप्तान थी." त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. यादी अजून लागलेली नाही. लागेल तेव्हा बघू. नाव नसलं तर मी आहे आणि सिलेक्टर आहेत.

परतीच्या बसमध्ये नीतू खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी, मोगरी आमच्या दोघींच्या पायांशी. इंदूर येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मग एकदम तोंडावर ओढणी धरून हुंदके द्यायला लागली. पुढच्या सीटवरून स्वानंदी वळली, तिला समजवायला निघाली होती. मी तिला हातानं गप्प बसवलं.

"रडू दे तिला," मी म्हटलं. आणि नीतूला म्हटलं, "रड, पोटभर रड. तुझी हार आहे, तुझ्या सहीची आहे. माझी मला रडायलाही मिळाली नव्हती."

ती रडली. मग माझ्या दुखऱ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, आणि मी हलले नाही. देवासच्या स्टँडवर बस लागली तेव्हा मी मोगरी उचलायला खाली वाकले. मोगरी तिथे नव्हती. नीतूनं ती आपल्या किटबॅगेत टाकून चेन लावली होती, आणि आपल्या गावाची शेवटची बस गाठायला ती बॅग पाठीवर घेऊन पळत सुटली होती. मी तिला हाक मारली नाही.